आमटीत मीठ दोनदा कसे पडते?

(संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना समांतर प्रोग्रॅमिंग शिकवण्याविषयी थोडेसे)

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावातील अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. शेवटच्या वर्षाचा वर्ग, वीस-बावीस मुले-मुली. प्रत्येकाच्या जर्नलमध्ये तेच प्रोग्रॅम, त्याच प्रिंट, अगदी चुकासुद्धा त्याच! प्रश्न विचारला की व्याख्या घडाघडा पाठ, आणि 'असे का?' विचारले की मान खाली. दुपारच्या जेवणाआधी एका मुलीची पाळी आली.

"हा प्रोग्रॅम काय करतो?"

"सर, एक ते दहा लाखांमध्ये मूळ संख्या किती, ते मोजतो. चार थ्रेड लावलेत."

"उत्तर?"

"अठ्ठ्याहत्तर हजार चारशे अठ्ठ्याण्णव." ती क्षणभर थांबली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पण सर, दरवेळी तेवढंच येत नाही. कधी दोन कमी, कधी सात कमी. बरोबर आलं तेव्हाची प्रिंट काढली."

शेजारी उभे असलेले तिचे शिक्षक कावरेबावरे झाले. मला मात्र त्या दिवसातले पहिले खरे उत्तर मिळाले होते. तिला म्हटले, "जेवून ये आणि त्या संगणकावर बस. उत्तर कमी का येते, ते शोध. चार वाजेपर्यंत मी इथेच आहे."

वाचकहो, आज आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कोणी ना कोणी बी.ई. कॉम्प्युटर, बी.एस्सी. संगणकशास्त्र किंवा बी.सी.ए. करीत असते. घरातला पहिलाच पदवीधर असला, तर तो काय शिकतो हे विचारायला आई-वडिलांना संकोच वाटतो. या एका विषयापुरता तरी तो संकोच बाजूला ठेवावा. समांतर प्रोग्रॅमिंग म्हणजे एक काम अनेकांनी एकाच वेळी मिळून करणे. ते कसे बिघडते आणि कसे जमते, हे घरातल्या मोठ्यांना मुलांपेक्षा जास्त ठाऊक असते. फक्त त्याला हे नाव आहे, हे त्यांना माहीत नसते.

स्वयंपाकघरातला धडा

पाहुणे यायचे आहेत. शेगडीवर आमटीचे पातेले आहे. सासूबाईंनी चव पाहिली, अळणी लागली. त्या मिठाची बरणी घ्यायला वळल्या. तेवढ्यात सुनेने चव पाहिली, तिलाही अळणीच लागली. आधी सासूबाईंनी मीठ टाकले, मग सुनेने टाकले. आमटी खारट. आता चूक कोणाची? दोघींनीही चव पाहूनच मीठ टाकले होते. एकेकीचे काम तपासले, तर दोघी निर्दोष. चूक दोघींच्या मधल्या वेळात आहे.

त्या मुलीच्या प्रोग्रॅममध्ये हेच घडत होते. चार थ्रेड म्हणजे चार कामकरी. मूळ संख्या सापडली की प्रत्येकाने एका सामाईक पाटीवरचा आकडा एकाने वाढवायचा. आपल्याला ही एक कृती वाटते. यंत्राच्या दृष्टीने त्या तीन आहेत: पाटीवरचा आकडा वाचणे, त्यात एक मिळवणे, नवा आकडा लिहिणे. दोघांनी एकाच वेळी ५०० वाचले, दोघांनीही ५०१ लिहिले, की दोन संख्या सापडूनही मोजली गेली एकच. दहा लाखांत असे दोनदा झाले तर उत्तर दोनने कमी, सातदा झाले तर सातने कमी. आणि एखाद्या वेळी एकदाही झाले नाही, तर उत्तर अगदी बरोबर.

हा विषय शिकवताना सर्वांत अवघड जागा हीच आहे. तीन वर्षे मुलाला आपण शिकवलेले असते की प्रोग्रॅम चालवून पाहा, उत्तर बरोबर आले म्हणजे झाले. इथे ते खोटे ठरते. मी वर्गात मुद्दाम एक लहान प्रोग्रॅम देतो. दोन थ्रेड, आणि प्रत्येकाने पाटीवरचा आकडा हजार वेळा वाढवायचा. उत्तर बहुधा दोन हजारच येते, कारण दुसरा थ्रेड उठून उभा राहीपर्यंत पहिल्याचे काम आटोपलेले असते. वर्ग निर्धास्त होतो. मग हजाराच्या जागी दहा लाख लिहायला सांगतो. वीस लाख यायला हवेत. येतात चौदा लाख, अकरा लाख, दरवेळी निराळेच काहीतरी. त्या क्षणी वर्गात जी शांतता पसरते, तिथून शिकणे सुरू होते.

उपाय म्हणून 'लॉक' शिकवतात. ज्याच्या हाती किल्ली असेल त्यानेच पाटीला हात लावायचा. मुले लॉक लावतातही, पण कुठे? मीठ टाकण्याच्या ओळीला! चव पाहण्याची ओळ बाहेरच राहते. मग काय होणार? दोघी अगदी शिस्तीने, एकीमागून एक, दोनदा मीठ टाकतात. चव पाहण्यापासून मीठ टाकण्यापर्यंतचे सारे एकाच किल्लीखाली आले पाहिजे. फळ्यावर हे चारदा सांगूनही डोक्यात शिरत नाही. आमटीचे उदाहरण दिले की पुन्हा सांगावे लागत नाही.

दुसरी एक गंमत. दोघी जणी पोळ्या करायला बसल्या. एकीने पोळपाट उचलला, दुसरीने लाटणे. दोघीही दुसरी वस्तू मिळण्याची वाट पाहत आहेत, हातातली कोणी सोडत नाही. पोळ्या होणारच नाहीत. याला 'डेडलॉक' म्हणतात. पुस्तकात हेच पाच तत्त्वज्ञ आणि पाच काट्यांच्या कोड्याने शिकवतात. नेदरलँड्सचे संगणकतज्ज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ साली विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी ते प्रथम मांडले होते. कोडे उत्तमच आहे; पण आमची मुले 'एका माणसाला जेवायला दोन काटे कशाला?' याच प्रश्नात अडकतात! पोळपाट-लाटणे म्हटले की उपायही तीच सांगतात: सगळ्यांनी आधी पोळपाटच घ्यायचा, तो मिळाल्यावरच लाटण्याला हात लावायचा.

हे आले कोठून?

पूर्वी या विषयावाचून चालत असे. दर दोन-तीन वर्षांनी नवा प्रोसेसर यायचा, तो अधिक वेगाने चालायचा आणि जुना प्रोग्रॅम आपोआप जलद व्हायचा. पण वेग वाढवावा तशी चिप तापू लागली. २००४ साली इंटेल कंपनीने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम बाजारात आणण्याचा बेत सोडून दिला. २००५ पासून एका चिपमध्ये दोन प्रोसेसर, म्हणजे दोन 'कोअर', येऊ लागले. पुढे चार झाले, आठ झाले. आज साध्या मोबाइलमध्येही आठ कोअर असतात. पण एकाच माणसाने करायचे म्हणून लिहिलेला प्रोग्रॅम आठांपैकी एकच कोअर वापरतो, बाकीचे सात बसून असतात. त्यांना कामाला लावायचे, तर काम वाटून देणारा प्रोग्रॅमर हवा.

महाराष्ट्राला तर ही वाट त्याआधीपासून माहीत आहे. १९८०च्या दशकात भारताला हवा होता तसा महासंगणक अमेरिकेकडून मिळाला नाही. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. त्यात एकच अवाढव्य प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाच्या लहान लहान चिपा एकत्र जुंपलेल्या होत्या. मोठा बैल मिळेना, म्हणून लहान बैलांचे औत केले म्हणा ना! २०२४च्या सप्टेंबरमध्ये 'परम रुद्र' मालिकेचे तीन महासंगणक देशाला अर्पण झाले, त्यांतला एक पुणे जिल्ह्यातील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे.

एक चूक, आठ सेकंदांची

'दोन-सात आकडे कमी आले तर काय बिघडले?' असे एका विद्यार्थ्याने मला विचारले होते. त्याला मी थेराक-२५ची हकीकत सांगितली.

थेराक-२५ हे कॅनडातील एईसीएल कंपनीने बनवलेले, कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा मिळून सहा रुग्णांना त्या यंत्रातून ठरल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त किरण मिळाले. काहींचा त्यात मृत्यू झाला. टेक्सास राज्यातील टायलर गावच्या रुग्णालयात मार्च १९८६ मध्ये असे झाले. यंत्र चालवणाऱ्या बाईंनी एका अक्षराच्या जागी दुसरे टाइप केले, चूक लगेच लक्षात आली, वर जाऊन ते अक्षर झरझर दुरुस्त केले आणि यंत्र सुरू केले. पडद्यावर सारे बरोबर दिसत होते. पण यंत्रातले चुंबक जागेवर बसायला सुमारे आठ सेकंद लागत, आणि तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागाला कळतच नसे. एक भाग जुन्या सूचनेवर चालला, दुसरा नव्या.

नवशिका माणूस हळूहळू टाइप करी, तेव्हा काहीच होत नसे. सरावाने हात बसलेल्या माणसाच्या हातूनच ती चूक घडे. कंपनीला प्रथम ती पुन्हा घडवून दाखवता आली नाही. रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञ आणि त्या चालक बाई यांनी पुन्हा पुन्हा, वेगाने तीच बटणे दाबून शेवटी ती घडवून आणली. त्याआधीच्या यंत्रात अशा वेळी किरण अडवणारी वेगळी यांत्रिक सोय होती. या यंत्रात ते काम प्रोग्रॅमवर सोपवले होते. का, तर प्रोग्रॅम 'बरोबर चालत होता' म्हणून!

ऑगस्ट २००३ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. त्या वेळीही ओहायोतील नियंत्रण कक्षाची धोक्याची घंटा याच जातीच्या चुकीमुळे मुकी झाली होती. ज्याने प्रश्न विचारला होता, तो विद्यार्थी नंतर बराच वेळ काही बोलला नाही.

कवायतीची रांग आणि मतमोजणीचे टेबल

भीती दाखवून विषय शिकवता येत नाही, हेही खरे. या विषयात आनंदही पुष्कळ आहे, आणि तो संगणकाला हात लावण्याआधी मिळतो. मी आठ मुलांना उंचीचा विचार न करता रांगेत उभे करतो. एकच मुलगा रांगेवरून फिरून शेजारच्या जोड्यांची अदलाबदल करील, तर नेहमीच्या बबल सॉर्टने २८ तुलना लागतील. आता सांगतो, कोणी फिरायचे नाही. पहिला-दुसरा, तिसरा-चौथा अशा जोड्यांनी एकदम उंची पाहायची आणि उंच असेल त्याने उजवीकडे सरकायचे. पुढच्या शिट्टीला दुसरा-तिसरा, चौथा-पाचवा. आठ शिट्ट्यांत रांग हमखास लागते. मग मुलांनाच हिशेब करायला लावतो. चार शिट्ट्यांना चार-चार तुलना, चार शिट्ट्यांना तीन-तीन, एकूण किती? अठ्ठावीसच! काम तसूभरही कमी झाले नाही, वेळ मात्र आठ शिट्ट्यांचा लागला. 'काम' आणि 'वेळ' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ज्याला या रांगेत समजले, त्याला पुढचे अर्धे पुस्तक सोपे जाते. एकदा एका मुलाने शिट्टी होण्याआधीच शेजाऱ्याला ढकलले आणि रांग बिघडली. मी काही बोललो नाही. वर्गानेच सांगितले, की सगळ्यांचे झाल्याशिवाय पुढची शिट्टी नको.

मतमोजणी पाहिलेल्यांना हे नवीन नाही. विधानसभेच्या मोजणीला साधारण १४ टेबले लावतात. प्रत्येक टेबल आपल्या यंत्रातली मते आपल्याच कागदावर मांडते. एकेका मतासाठी कोणी मधल्या अधिकाऱ्याकडे धावत नाही. फेरी संपली की बेरीज होते, आणि सर्व टेबलांची फेरी पुरी झाल्यावरच पुढची यंत्रे येतात. लॉक शिकलेला विद्यार्थी मात्र नेमके प्रत्येक मतासाठी धावणे लिहितो. वर सांगितलेल्या वीस लाखांच्या प्रोग्रॅमला प्रत्येक वाढीला लॉक लावला, तर उत्तर बरोबर येते; पण एकट्या थ्रेडने केले असते त्याहूनही जास्त वेळ लागतो. सगळा वेळ किल्ली देण्याघेण्यात जातो.

कितीही माणसे लावली तरी डाळ शिजायची तितक्याच वेळात शिजते. जीन अॅमडाल यांनी १९६७ साली हाच हिशेब मांडला. दहा तासांच्या कामात एक तास असा असेल की तो वाटून देता येत नाही, तर दहा माणसांनी ते काम एक तासात होणार नाही, सुमारे एक तास चोपन्न मिनिटांत होईल. हजार माणसे लावली तरी एक तासाच्या खाली येणार नाही.

कधी शिकवावे?

आमच्याकडे हा विषय बहुधा शेवटी येतो. उदाहरणार्थ, पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या २०१९च्या आराखड्यात 'हाय परफॉर्मन्स कम्प्युटिंग' अगदी आठव्या सत्रात होता. प्रात्यक्षिके चांगली होती, पण त्या वेळी मुलांचे डोळे नोकरीच्या मुलाखतींकडे लागलेले असतात. एसीएम आणि आयईईई या संस्थांनी २०१३ साली पदवीसाठी जो आराखडा दिला, त्यात समांतर संगणनाला स्वतंत्र स्थान देऊन ते सर्वांना आवश्यक ठरवले. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०११ साली सुरुवातीच्या वर्षांतल्या डेटा स्ट्रक्चर्सच्या विषयातच एकेरी आणि समांतर पद्धती एकत्र शिकवायला घेतल्या. माझेही मत तेच आहे. तीन वर्षे मुलांना एकट्याने विचार करायची सवय लावायची आणि चौथ्या वर्षी ती मोडायला सांगायचे, हा उलटा कारभार आहे. रांगेचा खेळ पहिल्या वर्षीही घेता येतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, शिक्षकाची तयारी लागते.

'आमच्या कॉलेजात महासंगणक नाही', ही सबब मुलांनी सांगू नये आणि पालकांनी ऐकू नये. चार कोअरचा जुना संगणक पुरतो. जीसीसी हा कंपायलर विनामूल्य आहे, आणि त्यात ओपनएमपी आलेच. चालत्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली की काम चार थ्रेडमध्ये वाटले जाते. आयआयटीतील प्राध्यापकांची या विषयावरील व्याख्याने एनपीटीईएलवर फुकट पाहता येतात. इंग्रजी जड वाटले तर थांबवून पुन्हा ऐकावे. वर्गात तशी सोय नसते!

दुपारी काय झाले

त्या मुलीने अडीच वाजता लॉक लावला. उत्तर दरवेळी ७८,४९८ येऊ लागले. ती हसत आली आणि लगेच गंभीर झाली. "सर, चार थ्रेड आहेत, तर वेळ चौथ्या हिश्श्यावर यायला हवा. पण तीनपटसुद्धा वेग वाढलेला नाही."

"काम कसं वाटलंस?"

"पहिल्याला पहिले अडीच लाख, दुसऱ्याला पुढचे..." बोलता बोलताच ती थांबली. मोठी संख्या मूळ आहे का, हे पाहायला जास्त भागाकार करावे लागतात. शेवटच्या अडीच लाखांवाला एकटाच राबत होता आणि बाकीचे आधीच मोकळे झाले होते. तिच्या शेजारच्या मुलाने सुचवले, की एकेक संख्या पत्त्यांसारखी चौघांत वाटू. त्याने तसे करूनही पाहिले. दोघा थ्रेडच्या वाट्याला साऱ्या सम संख्या आल्या. ते बसले टाळ्या वाजवत! सगळा वर्ग हसला, तोही हसला.

मी एवढेच विचारले, की विद्यापीठाचे पेपर तपासायला केंद्रावर शिक्षक बसतात, तेव्हा गठ्ठे कसे देतात? तिने उत्तर दिले नाही, सरळ संगणकाकडे गेली. हजार-हजार संख्यांचे गठ्ठे, ज्याचा संपेल त्याने पुढचा घ्यायचा. प्रत्येकाची मोजणी आपापल्या पाटीवर, शेवटी चार पाट्यांची बेरीज.

चार वाजता मी बॅग आवरत होतो, तेव्हा ती तिसरी प्रिंट घेऊन आली. वेग चौपटीच्या जवळ पोचला होता. खाली पेनाने लिहिले होते, 'वीस वेळा चालवला. वीसही वेळा ७८,४९८.'

"सर, हजार वेळा चालवून बघू का?"

"बघ. पण हजार वेळा बरोबर आलं, तरी एक हजार एकाव्या वेळचं काय?"

ती थोडा वेळ प्रिंटकडे पाहत राहिली. मग तिने कागद उलटा केला आणि कोरड्या बाजूवर चार चौकोन काढून कोणता थ्रेड कोणत्या पाटीला हात लावतो, त्याचे बाण काढायला घेतले. माझी साडेचारची एस.टी. होती. ती चुकली.